जिओकॅशिंग: शोध दोघांचा, मात्र डबा लपवावा कोणी?

उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील नेमके ठिकाण गाठायचे आणि तेथे कोणीतरी दडवून ठेवलेली लहानशी डबी शोधून तिच्यातील नोंदवहीत आपले नाव लिहायचे, असा एक खेळ जगभर खेळला जातो. त्याचे नाव जिओकॅशिंग. येथे 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द असून दडवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ होतो. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. १९० हून अधिक देशांत मिळून अशा डब्यांची संख्या आज तीस लाखांच्या वर गेली आहे.

प्रवासाला निघालेल्या जोडप्यांना हा खेळ विशेष भावतो. त्याला तिकीट लागत नाही, प्रतिस्पर्धी लागत नाही आणि एरवी पर्यटकांच्या नजरेत न येणारी ठिकाणे त्यामुळे पाहावयास मिळतात. भारतात मात्र अशा डब्या तुलनेने विरळ आहेत. बेवारस वस्तू दिसताच पोलिसांना कळवा, असे रेल्वे स्थानकांवर सातत्याने सांगितले जाणाऱ्या देशात लपवलेला डबा ही साधी गोष्ट नव्हे. त्यामुळे शोधावे कसे याइतकेच लपवावे कोणी आणि कोठे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रारंभ कसा झाला?

अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मूलतः लष्करासाठी उभारण्यात आली. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांमध्ये हेतुपुरस्सर त्रुटी ठेवण्यात येत असे. परिणामी नागरी यंत्राने दाखवलेले ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या घोषणेनंतर मे २००० च्या प्रारंभी ही त्रुटी काढून टाकण्यात आली आणि नागरी यंत्रांची अचूकता एका रात्रीत कित्येक पटींनी वाढली.

त्यानंतर लगेचच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या संगणक तज्ज्ञाने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत नोंदवही, पेन्सिल, काही पुस्तके आणि घेवड्याच्या बियांचा एक बंद डबा, अशा वस्तू होत्या. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम होता. अल्पावधीतच माइक टीग यांनी ती बादली शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या खेळास 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर अवघ्या ७५ डब्यांची नोंद होती.

या कल्पनेचे मूळ त्याहून जुने आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तेथपर्यंत पोहोचणारे प्रवासी तिच्यात आपले नाव ठेवून येत. पुढे त्यातून 'लेटरबॉक्सिंग' हा छंद रूढ झाला. उपग्रहांनी त्यात अचूक पत्त्याची भर घातली.

आकड्यांतील पत्ता

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाल्यास यंत्राला आपले स्थान निश्चित करता येते. मोकळ्या आकाशाखाली भ्रमणध्वनीला साधारण पाच मीटरपर्यंतची अचूकता साधते. दाट झाडीत अथवा उंच इमारतींमध्ये ती घटते.

या खेळात ठिकाण अंश आणि मिनिटांत देतात. मिनिटाच्या अपूर्णांकासाठी दशांश चिन्हानंतर तीन अंक असतात. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई या जोडशहराचे उदाहरण घेता येईल. पद्मनाभपुर ही तेथील निवासी वसाहत. दुर्ग शहर साधारणपणे २१ अंश ११ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ८१ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांश या ठिकाणी वसलेले आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर, म्हणजेच जवळजवळ एका माणसाची उंची. दशांश चिन्हानंतरचा शेवटचा अंक एकाने चुकला तर फरक दोन पावलांचा पडतो. पहिला अंक चुकल्यास मात्र शोधणारा १८५ मीटर दूर, एखाद्या परक्या कुंपणापाशी जाऊन उभा राहतो. म्हणून एकाने आकडे वाचावेत आणि दुसऱ्याने ते यंत्रात भरून पुन्हा वाचून दाखवावेत, ही पद्धत उपयुक्त ठरते.

रेखांशाचे अंतर सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्तापासून दूर जावे तसे ते कमी होते. दुर्गच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. नागपूर जवळजवळ याच अक्षांशावर, सुमारे सव्वादोन अंश पश्चिमेस आहे. त्यामुळे पद्मनाभपुरातील एखादे दांपत्य मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूरला निघाले, तर यंत्रावरील अक्षांशाचा आकडा थोडाच हलतो आणि रेखांशाचा मात्र झपाट्याने उतरत जातो. नकाशा वाचण्याची इतकी सोपी शिकवणी क्वचितच मिळते. नागपुरात पोहोचल्यावर 'झिरो माइल'चा स्तंभ पाहता येतो. उपग्रह नव्हते त्या काळात याच देशात भूमापकांनी साखळ्या आणि कोनमापकांच्या साहाय्याने असेच आकडे मिळवले होते, याची तो आठवण करून देतो.

जोडीने शोधताना

प्रत्येक डबीच्या नोंदीत शोधाची काठिण्यपातळी आणि वाटेची अवघडता, अशा दोन श्रेणी एक ते पाच या आकड्यांत दिलेल्या असतात. बोटाच्या पेराएवढ्या नळीपासून बादलीपर्यंत डब्यांचे आकार असतात. काही ठिकाणी एका डबीत दुसरीचा पत्ता मिळतो, तर काही ठिकाणी आधी कोडे सोडवावे लागते. प्रवासात वेळ मर्यादित असल्याने मार्गालगतच्या, सोप्या श्रेणीच्या आणि अलीकडे कोणाला तरी सापडलेल्या डब्या निवडणे श्रेयस्कर. तपशील आधीच भ्रमणध्वनीत साठवून ठेवल्यास जाळे नसलेल्या भागातही शोध थांबत नाही.

दोघांत कामाची वाटणी सहज होते. एक जण यंत्र पाहतो, दुसरा भोवतालचा परिसर. अखेरच्या दहा मीटरमध्ये यंत्राचा उपयोग संपतो. तेथे ते खिशात ठेवून, आपण स्वतः डबी कोठे लपवली असती, असा विचार करावा लागतो. दगडांची अनैसर्गिक रचना, कठड्यामागील पोकळी किंवा खोडाची ढोली यांकडे दोन व्यक्तींचे लक्ष वेगवेगळ्या रीतीने जाते. जोडीचा खरा लाभ येथेच होतो. अनेक जोडपी एकाच नावाने खाते उघडतात, तर काही दोन स्वतंत्र नोंदी ठेवतात. डबी न सापडल्यास तशी नोंद करणे हाही खेळाचा भाग आहे, कारण डबी हरवल्याचे मालकाला त्यातूनच कळते. वस्तू घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी आणि डबी होती तेथेच परत ठेवावी, हे संकेत सर्वत्र पाळले जातात. खाद्यपदार्थ आणि स्फोटक वा ज्वालाग्राही वस्तू डबीत ठेवता येत नाहीत.

भारतात आणखी एका वास्तवाचे भान ठेवावे लागते. झुडपांमागे वावरणाऱ्या स्त्री-पुरुषांकडे येथे संशयाने पाहिले जाते. डिसेंबर २००५ मध्ये मेरठच्या एका उद्यानात पोलिसांनी जोडप्यांना मारहाण केल्याची दृश्ये देशभर दाखवली गेली होती आणि त्यावर तीव्र टीका झाली होती. दिवसाउजेडी शोध घेणे, कोणी विचारल्यास खेळ मोकळेपणाने समजावून सांगणे आणि डबीचे पान भ्रमणध्वनीवर दाखवणे, हा उत्तम मार्ग होय. या खेळात अनभिज्ञ लोकांपासून डबी गुप्त राखण्याची प्रथा आहे. मात्र पहारेकऱ्यासमोर गुप्तता पाळणे अंगाशी येऊ शकते.

डबा की बेवारस वस्तू?

जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावात एका उपाहारगृहाबाहेर कोणीतरी डबी ठेवताना दिसल्याने पोलिसांना पाचारण करण्यात आले. परिसर रिकामा करून लष्कराच्या पथकाने ती डबी नियंत्रित स्फोटाने नष्ट केली. ती जिओकॅशिंगची निरुपद्रवी डबी होती.

भारतात ही भीती निराधार नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत बेवारस पिशवीतील स्फोटाने १७ जणांचे प्राण घेतले. छत्तीसगडच्या दक्षिणेकडील बस्तर भागात माओवाद्यांनी जेवणाच्या डब्यांत दडवलेल्या स्फोटकांनी जवान आणि ग्रामस्थांचे बळी गेले आहेत. दुर्ग-भिलाई त्या भागापासून दूर असले तरी राज्य तेच आहे. भिलाई पोलाद कारखान्याची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. अशा शहरात झाडाच्या बुंध्याशी दिसलेला डबा पाहून एखादी आजी पोलिसांना बोलावते, तेव्हा ती आपले कर्तव्यच करीत असते.

म्हणूनच डबी लपवण्याचे नियम खेळणाऱ्यांनी गांभीर्याने घेतले पाहिजेत. जागेच्या मालकाची वा व्यवस्थापनाची परवानगी आवश्यक असते. जमीन खणून डबी पुरता येत नाही. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते. डबी पारदर्शक असावी आणि तिच्यावर खेळाचे नाव ठळकपणे लिहिलेले असावे. रेल्वेची हद्द, कारखान्यांचे परिसर, संरक्षित स्मारके आणि अभयारण्ये भारतात टाळलेलीच बरी.

पाहुण्यांनी लपवू नये

प्रवाशांना लागू होणारा सर्वांत महत्त्वाचा नियम देखभालीचा आहे. डबी भिजली, फुटली किंवा तिच्याविषयी तक्रार आली, तर मालकाला तेथे पोहोचता आले पाहिजे. त्यामुळे सहलीला गेलेल्यांनी वाटेत ठेवलेल्या डब्या सहसा मान्य केल्या जात नाहीत. स्थानिक व्यक्ती देखभालीची जबाबदारी घेत असेल, तरच अपवाद केला जातो. पाहुण्याने डबी ठेवून निघून जावे आणि तिच्यामुळे उद्भवलेल्या प्रसंगाला तेथील रहिवाशांनी तोंड द्यावे, हे न्याय्य नाही.

पद्मनाभपुरातील जोडप्याने प्रवासात शोध घ्यावा आणि लपवण्याची हौस मात्र आपल्याच वसाहतीत भागवावी, असा याचा अर्थ होतो. स्वतःच्या फाटकालगतची कुंडी किंवा परिचित दुकानदाराची फळी यांसाठी परवानगी सहज मिळते. आसपासच्या घरांना आधी कल्पना देता येते आणि आठवड्याला एकदा डबी तपासणेही अवघड नसते. बाहेरगावचे शोधक आले की यजमानपणही आपोआप घडते.

डब्याविनाही शोध

ज्यांना वस्तू ठेवण्याचा धोकाच नको, त्यांच्यासाठी 'अर्थकॅश' हा प्रकार २००४ पासून उपलब्ध आहे. यात डबी नसते. भूशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळी जाऊन निरीक्षण करायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. अर्थकॅश तयार करणाऱ्याने ते स्थळ स्वतः पाहिलेले असावे लागते. महाराष्ट्रात या प्रकाराला साजेशी स्थळे विपुल आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झाले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. २०२० मध्ये या सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे हेही असेच एक स्थळ. खळग्यांची खोली आणि काठांचा गुळगुळीतपणा पाहून पाण्याने व गोट्यांनी दगड कसा कोरला, हे दोघांना मिळून पडताळता येते.

यंत्राची निवडही सावधपणे करावी. केवळ उपग्रहांचे संकेत ग्रहण करणारे यंत्र आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारची यंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगता येत नाहीत. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर काही परदेशी प्रवाशांना अशा यंत्रांवरून ताब्यात घेण्यात आले होते. परदेशातून सुटीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांनी गिर्यारोहणासाठीची अशी उपकरणे सोबत आणू नयेत. या खेळासाठी साधा भ्रमणध्वनी पुरेसा आहे.

'कॅश इन ट्रॅश आऊट' हा उपक्रम २००२ पासून या खेळाशी जोडलेला आहे. शोधाला जाताना एक रिकामी पिशवी सोबत न्यावी आणि वाटेत दिसलेला कचरा गोळा करून आणावा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यासाठी डबी सापडण्याची अट नाही. ज्या गावी शोधासाठी एकही डबी नोंदलेली नाही, तेथेही एखाद्या जोडप्याला सुरुवात येथूनच करता येईल.