जुन्या संगणकावर चित्रे उमटवताना

माळ्यावर पडलेला ३८६ किंवा ४८६ संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. मदरबोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा हिरवट झाल्या नसतील, तर तो अजून उपयोगाचा ठरू शकतो. गोव्याच्या दमट हवेत ही तपासणी आधी केलेली बरी. आजचे इंटरनेट त्यावर चालणार नाही. मात्र मेमरीतला आकडा पडद्यावरचा ठिपका कसा होतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारे यंत्र आज सहसा मिळत नाही. अट एवढीच, की आज्ञावली लिहिण्याचे साधन त्याच्या कुवतीला साजेसे हवे.

येथेच फसगत होते. आपल्या महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांनी वर्षानुवर्षे टर्बो सी हाती दिल्यामुळे खेळही त्यातच लिहायला घेतला जातो, आकृत्या लुकलुकतात आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. टर्बो सीसोबतचा बीजीआय हा चित्रसंच वाईट नाही. रेषा, वर्तुळे, आलेख यांसाठी तो उत्तमच. पण त्यातील व्हीजीएचा ड्रायव्हर १६ रंगांपुढे जात नाही. शिवाय ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या चित्राला १,५३,६०० बाइट लागतात आणि मेमरीतली खिडकी मात्र ६४ किलोबाइटची. म्हणून चित्र चार थरांत विभागलेले असते. एकाच ठिपक्याचा रंग चारही थरांत विखुरतो. एक ठिपका बदलायला एवढा खटाटोप, मग वेग कोठून येणार?

आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीएतच यावर उतारा आहे. ३२० गुणिले २०० ठिपके, २५६ रंग आणि प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, असे ६४,००० बाइट एका खिडकीत बसतात. ओळीच्या क्रमांकाला ३२० ने गुणून त्यात स्तंभाचा क्रमांक मिळवला, की ठिपक्याचा पत्ता मिळतो. मोजणी अर्थात शून्यापासून. लुकलुक टाळण्यासाठी चित्र आधी साध्या मेमरीत पूर्ण करून मग एकदम पडद्यावर उतरवावे.

टर्बो सीतही हे जमते, पण तेथे मेमरी ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत हाताळावी लागते. यंत्र २८६ असेल, तर दुसरा सोयीचा पर्यायही फारसा नाही. नवख्याने क्यूबेसिकपासून आरंभ करावा. ३८६ किंवा पुढचा प्रोसेसर आणि चार-आठ मेगाबाइट मेमरी असल्यास मात्र ३२ बिटांचा कंपायलरच निवडावा. १९९३ चा ‘डूम’ वॉटकॉमवर, तर १९९६ चा ‘क्वेक’ डीजेजीपीपीवर घडला. डीजेजीपीपी विनामूल्य मिळतो आणि त्याला ‘अलेग्रो’ची जोड दिली, की चित्र, आवाज व कळफलक यांची बरीच तयारी आयती मिळते.

आणखी एक गोष्ट पाहायची: ३८६ मध्ये आणि ४८६ च्या एसएक्स प्रकारात दशांशाच्या गणितासाठी वेगळे केंद्र नसते. तेथे ब्रेझनहॅमसारखी केवळ पूर्णांकांवर चालणारी रीत वापरावी.

आज्ञावली नव्या संगणकावर लिहून डॉसबॉक्समध्ये तपासता येते. वेग मात्र फ्लॉपीवरून जुन्या यंत्रात नेऊनच मोजावा.