दर तासाला सहा मिनिटं

अर्न्स्ट नोबिल यांचा जन्म १९२६चा, बर्लिनमधला. संशोधन मात्र सगळं अमेरिकेत बहरलं. पिट्सबर्ग विद्यापीठात ते ऱ्हीसस माकडिणींच्या मासिक चक्राचा अभ्यास करत. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक झिरपतं आणि त्याच्या सांगण्यावरून पीयूषिका ग्रंथी एलएच व एफएसएच ही संप्रेरकं रक्तात सोडते, एवढं तोवर ठाऊक झालं होतं. नोबिल यांच्या गटाने माकडिणींमधला हा मूळ झराच बंद केला आणि जीएनआरएच बाहेरून दिलं. संततधार धरली, तर पीयूषिका चक्क गप्प झाली! तेच संप्रेरक दर तासाला फक्त सहा मिनिटं दिलं, तेव्हा ती पुन्हा कामाला लागली. हे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. संप्रेरक किती, याइतकंच ते कोणत्या लयीत येतं हेही महत्त्वाचं असतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला तरी आठवत नाही.

आज हायपोथॅलॅमसच्या बिघाडामुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांना छोट्या पंपाने ठरावीक अंतराने जीएनआरएच देता येतं. उलट प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि फार लवकर वयात येणाऱ्या मुलांमध्ये त्याच जातीचं, दीर्घकाळ टिकणारं औषध देऊन पीयूषिकेचा हाच संदेश थांबवला जातो.