सुरवंट लागला? आधी हात आवरा!

पावसाळी ट्रेक, मस्त धुकं, गरमागरम भजी... आणि अचानक मानेवर आग आग! कॉलरवर बघावं तर केसाळ सुरवंट. अशा वेळी आपण पहिलं काय करतो? खसाखसा चोळतो. घोळ होतो तो इथंच!

सुरवंट चावत नाही. त्याच्या अंगावरचे बारीक केस कातडीत घुसून तुटतात. काही जातींच्या केसांत विषारी द्रवही असतो. चोळलं की केस आणखी खोल जातात आणि आजूबाजूला पसरतात. त्यासाठी डोंगरातच जायला हवं असंही नाही. पावसाळ्यात सोसायटीतल्या शेवग्याच्या खोडावरही केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. आणि नेमकी त्याच्याखालीच आपली बाइक!

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यात काही ठिकाणी 'घोणस' अळीचे काटे टोचून शेतकऱ्यांना दवाखाना गाठावा लागला. नाव सापाचं, त्यामुळे 'जीवघेणी अळी' म्हणून मेसेज धडाधड फिरले. वेदना भयंकर, पण अळी जीवघेणी नाही, असं कृषितज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं. म्हणजे घाबरायचं नाही, पण हयगयही नको.

मग करायचं काय?

* अळी काडीनं किंवा कागदानं उचलून टाका. बोटांनी नाही, अंगावर चिरडायची तर अजिबात नाही.
* सेलोटेप हलकेच चिकटवा आणि ओढून काढा. दरवेळी नवा तुकडा घ्या. रुतलेले केस त्याला चिकटून येतात.
* मग साबण-पाण्यानं धुवा. टॉवेलनं रगडू नका.
* रुमालात गुंडाळलेला बर्फ ठेवा. खाजेवर कॅलामाइन लोशन चालतं. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच.
* हाताला लागलं असेल तर अंगठी, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाही. कपडे बदला, वेगळे धुवा.

केस डोळ्यात गेला तर घरगुती प्रयोग बंद! डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. हे केस बुबुळात रुतून आत सरकू शकतात आणि नजरेवर बेतू शकतं. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

सॅकमध्ये डिओ, सनस्क्रीन, पॉवर बँक असतेच. त्यात सेलोटेपची एक छोटी रीळ टाका. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आणि ऐन वेळी डिओपेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडते!