तबकडीचे आयुष्य, यंत्राचे आयुष्य

फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. पॅनासॉनिक त्याआधी दोन वर्षे त्यातून बाहेर पडली होती. याच दोन कंपन्यांनी २०१४ साली मोठ्या थाटात ‘आर्काइव्हल डिस्क’ जाहीर केली होती : आधी ३०० जीबी, मग ५००, मग १ टीबी, आणि आयुष्य निदान पन्नास वर्षे. पाचशेपर्यंत मजल गेली. एक टीबीची तबकडी बाजारात आलीच नाही. यात रसायनशास्त्र कुठे चुकले नव्हते, गिऱ्हाईक गेले होते. दीर्घकालीन साठवणुकीत ऑप्टिकल तबकडीला भवितव्य आहे का, ही चर्चा मात्र अजूनही तबकडी किती वर्षे टिकेल याभोवतीच फिरते. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. तबकडी वाचणारे यंत्र किती काळ मिळेल, आणि ते मिळेनासे झाल्यावर कुणाला पुन्हा बांधता येईल का, यावर खरा निकाल लागतो.

टिकाऊपणाचे दावे अगदी पोकळ आहेत असे नाही. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि दमट हवा तो थर बिघडवतात. शिवाय परावर्तक थर लेबलाच्या लगेच खाली असल्यामुळे चकचकीत बाजूपेक्षा लेबलाच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक, हे वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये सुरक्षित बसला. अमेरिकेतल्या युटा राज्यातील मिलेनियाटा कंपनीने ‘एम-डिस्क’मध्ये रंगद्रव्य काढून अकार्बनी थर घातला आणि हजार वर्षांची हमी पुढे केली. ती कंपनी स्वतः २०१६मध्ये दिवाळखोरीत गेली. तबकड्या पुढे इतरांनी विकल्या. हजार वर्षांचा आकडा येतो तो तबकड्या अतिउष्ण, अतिदमट पेटीत ठेवून आणि तिथल्या बिघाडाच्या वेगावरून हिशेब मांडून. पद्धत शास्त्रीय आहे, पण जे दोष आधीच सुचले त्यांचीच ती परीक्षा घेते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३च्या सुमारास छापलेल्या अनेक सीडी तपकिरी पडून निकामी झाल्या. कारण निघाले ते वेष्टनाच्या कागदातले गंधक! वरचे लाखेचे आवरण त्याला रोखू शकले नव्हते.

तरीही चांगली तबकडी, चांगल्या कपाटात, एक-दोन पिढ्या टिकेल असे धरून चालू. पुढे काय होते ते बीबीसीच्या डोम्सडे प्रकल्पाने दाखवले. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६मध्ये करवलेल्या ‘डोम्सडे’ जमीनपाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने एकॉर्न आणि फिलिप्स यांच्या साहाय्याने नवी पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात शाळकरी मुलांनी भरभरून, आपल्या गावांची वर्णने आणि छायाचित्रे दिली. सारे लेसर तबकड्यांवर गेले. पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी चालू यंत्रे शोधावी लागू लागली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली लिहिली तेव्हा कुठे मजकूर पुन्हा दिसला. मूळ चर्मपत्री ग्रंथ लंडनमधल्या क्यू येथे आजही लॅटिन जाणणाऱ्याला वाचता येतो. या कथेतला महत्त्वाचा तपशील बहुतेक जण गाळतात : तबकड्या खराब झालेल्या नव्हत्या.

यावर एक आक्षेप येतो. ग्रामोफोनच्या तबकड्या परत आल्याच ना, मग याही येतील. पण ग्रामोफोनची खाच सुईने वाचता येते. हुशार कारागीर तसे यंत्र आपल्या कारखान्यात बनवू शकतो. सीडीवरचा लहानात लहान खड्डा ०.८३ मायक्रॉनचा, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यातला. ब्लू-रेवर तो ०.१५ मायक्रॉनवर आला, दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२च्या खालचे नीट वेगळे दिसत नाही. तो वाचायला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर, भिंग सतत नेमक्या उंचीवर धरणारी यंत्रणा आणि चुका दुरुस्त करणारी चिप हवी. असे ड्राइव्ह स्वस्त झाले ते जगभर लोक त्यावर सिनेमे पाहत होते म्हणून. संग्रहालये त्या बाजाराच्या पंगतीला आयती जेवून घेत होती, यजमानच उठला. आपल्याकडेही तेच घडले. तीसेक रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकणारी, जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाणारी मोझर बेअर २०१८मध्ये अवसायनात गेली.

मग टेप आणि क्लाउड आहेतच, असे कुणी म्हणेल. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या हार्ड डिस्क आणि टेप. भाडे थकले की संग्रह गेला. टेपचे म्हणाल तर एलटीओ या प्रचलित टेप-पद्धतीच्या नवव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त आठवी आणि नववी पिढी वाचतो, दहावीचा जुने काहीच वाचत नाही. टेप तीस वर्षे टिकत असली तरी दहा-बारा वर्षांनी माहिती नव्या टेपवर उतरवावीच लागते. मोठ्या डेटा सेंटरना ते परवडते आणि त्यांच्याच जिवावर टेप तगून आहे. एकदा लिहिल्यावर बदलता न येणे, वीज न लागणे, खंडणीखोर व्हायरसलाही हात लावता न येणे, हे तबकडीचे गुण मात्र खरे आहेत. फेसबुकने २०१४मध्ये दहा हजार ब्लू-रे तबकड्यांचे, एक पेटाबाइटचे कपाट दाखवले ते याच मोहाने.

म्हणून प्रकाशाने लिहिण्याची कल्पना संपली असे मला वाटत नाही. ती दुकानातून डेटा सेंटरमध्ये जाईल. २०२४मध्ये शांघायच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये शंभर थरांची, १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे दोनशे टीबी क्षमतेची तबकडी मांडली. साउदॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की यांचा गट क्वार्ट्झ काचेत अतिसूक्ष्म खुणा कोरतो. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये तशाच काचेच्या ७५ मिलिमीटर चौरस तुकड्यावर ‘सुपरमॅन’ हा चित्रपट साठवला. काच पाण्याला, उष्णतेला, चुंबकाला दाद देत नाही. पण लिहायला महागडा फेम्टोसेकंद लेसर लागतो, आणि वाचन सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याने होऊन अर्थ लावते ती शिकवलेली आज्ञावली. ती आज्ञावली आणि लेखनाची रीत खुली, छापील, अनेक ठिकाणी ठेवलेली नसेल तर काचेची अवस्था डोम्सडेसारखीच होईल. मला क्षमतेच्या आकड्यांपेक्षा या खुलेपणाबद्दल ऐकायला आवडेल. घोषणांमध्ये त्यावर फार कमी असते.

छोट्या संस्थांनी या काचेची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यांच्या कपाटांत या शतकाच्या पहिल्या दशकातल्या, पेनाने नाव लिहिलेल्या सीडी आहेत : हस्तलिखितांचे स्कॅन, संमेलनांची ध्वनिमुद्रणे, बंद पडलेल्या मासिकांची पाने. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून सहज मिळतो. कामाचा क्रम उघड आहे. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्या सीडी आधी, त्यातही घरी लिहिलेल्या छापील सीडींच्या आधी. मजकूर दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. डीव्हीडी प्रकारची नवी एम-डिस्क तिसरी प्रत म्हणून जरूर करावी, कारण ती साध्या डीव्हीडी ड्राइव्हवर वाचता येते. फक्त त्या पेटीत एक चालू ड्राइव्हही ठेवावा, आणि तो दरवर्षी जोडून पाहावा.