ट्रेडमिल की इलिप्टिकल?

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. त्या तयारीत माझा गुडघा दुखू लागला आणि कुडव्यातल्या व्यायामशाळेत शेजारीशेजारी उभ्या असलेल्या या दोन यंत्रांपैकी कोणते निवडावे, हा माझ्यापुरता तरी पोटापाण्याचा प्रश्न झाला.

दम दोन्हींवर लागतो. हृदयाला व्यायामही दोन्हींवर घडतो. फरक आहे तो पावलांचा. ट्रेडमिलवर धावताना पाऊल पट्ट्यावरून सुटते व पुन्हा आदळते. तो आघात शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. इलिप्टिकलवर पाऊल पेडल सोडतच नाही, म्हणून गुडघ्याला धक्का कमी बसतो. मात्र हाडे बळकट होतात ती अशा धक्क्यांनीच, आणि भरतीचे धावणेही शेवटी जमिनीवरचेच! (१८१८ साली विल्यम क्यूबिट यांनी इंग्लंडात कैद्यांना तुडवायला लावण्यासाठी पायऱ्यांचे चाक काढले, त्यालाच ट्रेडमिल म्हणत. दहाव्या मिनिटाला हे नाव पटते.)

सध्या मी अर्धा तास इलिप्टिकलवर असतो. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतक्याच वेगाने. गुडघा थांबला की पट्टा, मग मैदान. रोवणीने गुडघे धरलेल्या आईलाही इलिप्टिकलच मानवले असते. पण दोघांची फी झेपत नाही.