जुनी जिप्सी आणि पेट्रोलचा हिशेब

हिमाचल किंवा उत्तराखंडच्या डोंगरी रस्त्यांवर कापडी टपाची, चौकोनी जिप्सी तुम्ही पाहिली असेल. मारुती कंपनीने ती १९८५ साली भारतात आणली. सैन्य, पोलीस आणि वनखाते यांनी ती दीर्घकाळ वापरली. सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबून आता काही वर्षे झाली आहेत. तरीही चिखल, बर्फ आणि खडी चढण यांना न जुमानणारी, परवडणारी गाडी हवी असलेले लोक आजही जुनी जिप्सी शोधत असतात. गाडी दारात उभी राहते आणि पहिल्याच महिन्यात पेट्रोलचा खर्च पाहून मालक धास्तावतो.

हा खर्च कमी करता येतो. मात्र त्यासाठी बाजारात मिळणारी चुंबके, गोळ्या किंवा तत्सम जादूची साधने विकत घेण्याची गरज नाही. जुन्या गाडीत बहुधा काही नवे बसवायचे नसते. वर्षानुवर्षे साचलेले अडथळे तेवढे काढून टाकायचे असतात.

आरंभ मोजमापाने करावा. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. दोनशे-अडीचशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवून त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. धावलेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनी भागले की खरे अ‍ॅव्हरेज मिळते. आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर बसवले असतील, तर किलोमीटरचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो, हे ध्यानात ठेवावे.

आता थोडे गणित पाहू. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ८ किलोमीटर देत असेल, तर १,५०० लिटर पेट्रोल लागते. तीच १० किलोमीटर देऊ लागली तर १,२०० लिटर पुरते, म्हणजे ३०० लिटर वाचतात. पुढे १० वरून १२ वर जाताना मात्र २०० लिटरच वाचतात. म्हणूनच सर्वांत वाईट दोष आधी काढणे फायद्याचे ठरते.

जिप्सीचे वैशिष्ट्य म्हणजे तिची फोर-व्हील व्यवस्था. एरवी इंजिनाची ताकद मागच्या दोनच चाकांना मिळते. दांडा ओढला की पुढची चाकेही जोडली जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून त्यांना जास्त अंतर कापावे लागते. हा फरक सामावून घेणारे डिफरन्शिअल पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये नसते. चिखलात चाक जरासे घसरते आणि ताण मोकळा होतो; कोरड्या डांबरी रस्त्यावर तो मोकळा होत नाही. मग टायर घासतात, दातेरी चक्रांवर ताण येतो आणि पेट्रोल व्यर्थ जळते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही हेच घडते. यासाठी चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत.

बऱ्याच जुन्या जिप्सींच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतात. ते सुटे ठेवले की पुढचा आस उगाच फिरत नाही. यातून होणारी बचत थोडी, पण फुकटची आहे. मात्र महिन्यातून एकदा हब जोडून कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर गाडी चालवावी, म्हणजे आतील भागांना तेल मिळत राहते.

यानंतर गाडी जॅकवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, एकेक चाक हाताने फिरवून पाहावे. जे जड फिरते त्याचा ब्रेक अडकत आहे असे समजावे. हा दोष फार सामान्य आहे आणि दुर्लक्षितही. दुसरा असाच छुपा दोष थर्मोस्टॅटचा. इंजिन तापते म्हणून कित्येक मिस्त्री हा भाग काढूनच टाकतात. परिणामी इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास फार वेळ घेते आणि तोवर पेट्रोल अधिक खाते. खरा इलाज रेडिएटर साफ करणे हा आहे. कार्बोरेटर, चोकची तार, प्लग आणि एअर फिल्टर यांची तपासणी कोणताही चांगला मिस्त्री अर्ध्या दिवसात करतो. टपावरचा रिकामा कॅरिअर मात्र आपणच उतरवावा.

जुन्या मालकाने सांगितलेला आकडा आज मिळेलच असे नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे या मिश्रणाच्या दर लिटरमागे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल सोसत नाही. त्या वेळीच बदलाव्यात. गळके पेट्रोल हा खर्चापेक्षाही आगीचा प्रश्न आहे.

एवढे केल्यावर पुन्हा टाकी भरून मोजावे. आकडा हललाच नाही, तर सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. ते उतरले असेल तर इंजिन उघडावे लागेल. तो खर्च वाचणाऱ्या पेट्रोलमधून किती वर्षांत भरून निघेल आणि नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासणीत उतरेल का, हे कागदावर मांडून मगच मिस्त्रीला होकार द्यावा.