जुनी पिकअप गाडी घेतल्यावर प्रथम काय दुरुस्त करावें ?

बैलजोडी घेतांना आमचा शेतकरी तिचे दांत पाहतो, खूर पाहतो, जू मानेवर ठेवून चार तास काढून पाहतो आणि मगच दाम मोजतो. तोच शेतकरी जुनी पिकअप गाडी घेतांना मात्र ताज्या रंगाला भुलतो. गाडी दारांत आली कीं हार घालतो, पेढे वांटतो आणि दुसऱ्याच दिवशीं तींत माल भरून बाजाराची वाट धरतो. वास्तविक जुन्या गाडीची खरी परीक्षा व दुरुस्ती पहिल्या आठ दिवसांतच व्हावयास पाहिजे. रिकाम्या गाडींत जे दोष दिसत नाहींत ते भरल्या गाडींत, उतारावर दिसतात. आणि गाडी चालविणारा बहुधा घरचाच तरुण मुलगा असतो.

आम्हीं पुष्कळ वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली, म्हणून कागदांविषयीं दोन शब्द आधीं सांगतों. सातबाऱ्यावर फेरफार पडल्याशिवाय जमीन आपली म्हणूं नये, तसेंच नमुना २९ व ३० भरून नोंदणी आपल्या नांवावर झाल्याशिवाय गाडी आपली म्हणूं नये. पूर्वीच्या मालकाचा कर्जाचा बोजा असेल तर तो नमुना ३५ नें उतरवून घ्यावा. विमाहि आपल्या नांवें करावा.

आतां यंत्राकडे वळूं. गेल्या वर्षीं आमच्या घरीं सात वर्षें वापरलेली डिझेल पिकअप घेतली. आमचा टोमॅटो जुन्नर तालुक्यांतून माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारांत जातो. म्हणजे भरली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. यावरूनच दुरुस्तीचा क्रम ठरला : आधीं ब्रेक, मग स्टिअरिंग व टायर, मग इंजिनाचा थंडावा, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटीं.

ब्रेकची परीक्षा घरींहि होते. इंजिन बंद असतां पायडल पांच-सहा वेळां दाबावें, मग तें दाबून धरूनच इंजिन सुरू करावें. पायडल किंचित् खालीं गेलें तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर ठीक समजावा. पायडल पायाखालीं हळूहळू बसत गेलें तर बहुधा मास्टर सिलिंडरचीं रबरें गेलेलीं असतात. स्पंजासारखें मऊ लागलें तर नळींत हवा शिरलेली असते. आमच्या गाडीचें पायडल बसत होतें, आणि मागील ड्रम उघडतांच लायनरहि जवळ जवळ संपलेले निघाले. दोन्ही नवीन घातले व ब्रेकचें तेल सर्व बदललें.

या तेलाकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शोषलेल्या तेलासाठीं तीच मर्यादा १४० अंश धरली आहे. घाटांत ब्रेक तापले आणि तेलाला उकळी फुटली, तर नळींत वाफ होते. वाफ दाबली जाते. मग पाय तळाशीं टेकतो, पण गाडी थांबत नाहीं. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें. डिझेल वांचविण्यासाठीं गिअर काढून किंवा इंजिन बंद करून घाट उतरण्याची संवय तर प्राणघातक आहे. इंजिन बंद होतांच बूस्टरचा जोर लवकरच संपतो. उतार खालच्या गिअरमध्येंच उतरावा.

स्टिअरिंगसाठीं पुढील चाक उचलून खालीं भक्कम ठोकळे लावावे. नुसत्या जॅकवर भरंवसा ठेवूं नये. चाक वर-खालीं हललें तर बेअरिंग, बॉल जॉइंट अथवा किंगपिन, आणि डावी-उजवीकडे हललें तर टायरॉडचे सांधे तपासावे. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी फार जुना टायर ओझ्याखालीं फुटतो.

थंडाव्याची गोष्ट बोधप्रद आहे. घाट चढतांना आमच्या गाडीचा उष्णतेचा कांटा वर जाऊं लागला. एका मिस्त्रीनें वॉटर पंप बदला म्हटलें. दुसऱ्यानें हेड गॅस्केटसाठीं इंजिन उघडावयास सांगितलें. आम्हीं आधीं कारण शोधण्याचा आग्रह धरला. तेव्हां रेडिएटरच्या नळ्या गाळानें बुजलेल्या निघाल्या, आणि थर्मोस्टॅट तर कोणीतरी काढूनच टाकलेला होता. तो काढला कीं पाणी सारखें फिरत राहतें व सपाटीवर कांटा खालीं राहतो. म्हणजे बुजलेल्या रेडिएटरचा दोष झांकला जातो. शिवाय इंजिन पुरेसें तापत नाहीं, डिझेल अधिक लागतें व झीज वाढते. रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट, झांकण व कूलंट नवीन घातलें. रेडिएटरांत बुडबुडे येत नव्हते, तेव्हां गॅस्केटला हात लावावा लागला नाहीं. झांकण पाण्यावर दाब ठेवतें, म्हणून तें शंभर अंशांवरहि उकळत नाहीं. याच कारणानें गरम इंजिनाचें झांकण कधींहि उघडूं नये.

शेवटीं धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. प्रथम एअर फिल्टर पाहावा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतें. इंजिन तापल्यावरहि पांढरा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाहीं अथवा कूलंट आंत शिरतें.

एका वेळीं एकच दुरुस्ती करावी, गाडी चालवून पाहावी, मग दुसरीस हात घालावा. नाहींतर कोणत्या खर्चानें कोणता दोष गेला हें कळत नाहीं. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग व किंमत यांची वही ठेवावी. पिकाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या बंधूंस हें जड नाहीं. कारण न शोधतां भाग बदलणें म्हणजे रोग न ओळखतां पिकावर औषध मारणें होय.